वाचक विचारतात : सगळं यूट्यूबवर असताना मैदानात उभं राहायचं कशाला?

मागच्या अंकात लाइव्ह कॉन्सर्टबद्दल थोडंसंच लिहिलं होतं, तर एकट्या नाशिकमधून इतके मेसेज आणि मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. पहिलं उत्तर लांबलंय, पण त्या प्रश्नाला लांबच उत्तर पाहिजे होतं.

प्रश्न : दादा, मी सिडकोत राहतो, अंबडला कंपनीत आहे, वय ३९. बारावीपासून आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा वेडा फॅन. पण लाइव्ह कधीच बघितलं नाही, ते मुंबईला आले तेव्हा नोकरी नवीन होती, सुट्टीच मिळाली नाही. आता परदेशात जाऊन एकदा बघावं असं डोक्यात घेतलंय, पैसेही साठवलेत. बायको म्हणते सगळे कॉन्सर्ट यूट्यूबवर आहेत, मोठ्या टीव्हीवर घरबसल्या बघ की. तिचंही चुकत नाही. तुम्ही २००८ चा शो बघितलाय असं लिहिलं होतं, तर खरं सांगा, तिथे असं काय असतं जे टीव्हीवर नसतं?

उत्तर : वहिनींचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात दम आहे. आवाजाचंच बघायचं तर अल्बम सरस, यात वादच नाही. मैदानात वारा फिरला की गिटार एकदम लांब गेल्यासारखी वाटते, ड्रमच्या दणक्यात अर्धे शब्द हरवतात, शेजारचा बेसूर ओरडत असतो ते वेगळंच. चित्र म्हणाल तर टीव्हीवर मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सनच्या कपाळावरचा घाम दिसतो आणि मैदानात मागे उभे असाल तर अख्खा ब्रूस बोटभर दिसतो. म्हणजे नीट ऐकायचं नि नीट बघायचं एवढंच असेल तर घरीच बसा, पैसे वाचतील. पण आपण त्यासाठी जातच नाही ना.

नव्वदीच्या शेवटी नाशिकमध्ये मेटल ऐकणं काय प्रकार होता ते तुम्हाला माहीत असणार. मेन रोडच्या कॅसेटच्या दुकानात इंग्लिशचा एक छोटा कप्पा असायचा, त्यात आपल्या कामाचं काही नसायचं, मेडनची कॅसेट कुणाच्या तरी मुंबईच्या मामेभावाकडून यायची आणि मग ती कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायची, एकावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, शेवटी आवाज इतका गढूळ की बेस ऐकूच यायचा नाही, आणि मेडनमध्ये तर सगळी गाडी बेसवरच चालते. गाण्याचे शब्द वहीत उतरवून काढायचे, जे कळले नाहीत तिथे जागा सोडायची. कॉलेजमध्ये कुणाला ऐकवायला जावं तर दुसऱ्या मिनिटाला हेडफोन परत. मग हळूहळू ती गाणी माझ्या एकट्याचीच होऊन बसली. तुमचंही तसंच झालेलं दिसतंय, कारण अख्ख्या मेलमध्ये तुम्ही एकाही मित्राचं नाव घेतलेलं नाही.

तर १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, मुंबईत बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सचं एमएमआरडीए ग्राउंड. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने निघालो. डब्यात सगळे पासधारक, कुणाचे पत्ते चाललेत, कुणी पेपरात डोकं घातलंय, आणि मी काळ्या टीशर्टमध्ये, छातीवर एडी, म्हणजे मेडनच्या प्रत्येक कव्हरवर असतो तो. समोरचे काका इगतपुरीपर्यंत नुसते टीशर्टकडे बघत होते, घाट उतरताना त्यांनी विचारलंच, "काय रे, कसला मेळावा आहे का आज?" मी हो म्हणालो. दादरला उतरलो तर ब्रिजवर तसेच टीशर्ट घातलेली दोन-तीन पोरं दिसली, ओळख ना पाळख, त्यातल्या एकाने माझ्याकडे बघून मान हलवली बस. बांद्र्याला पोचेपर्यंत जिकडे बघावं तिकडे काळे टीशर्ट. गेटच्या लाइनीत माझ्या पुढे शिलाँगची पोरं होती, दिवसच्या दिवस गाड्या बदलत आलेली, डोळे सुजलेले आणि तरी बडबड थांबत नव्हती.

आता टीव्हीवर काय नसतं ते सांगतो. मेडनचा शो सुरू व्हायच्या आधी स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लावतात. ही त्यांची वर्षानुवर्षांची पद्धत आहे, बहुतेक व्हिडिओंमध्ये तो भाग नसतोच. नवख्या माणसाला वाटेल टाइमपासला लावलंय काहीतरी, पण ज्याला माहीत आहे त्याला कळतं की आता बँड येतोय. ते गाणं सुरू झालं आणि जमिनीवर बसलेली सगळी माणसं झटकन उभी राहिली, कोणीही काहीही न सांगता. मी तर बघतच राहिलो. जी गोष्ट मी कुठल्या तरी जुन्या मासिकात वाचून एकट्याने मनात जपली होती ती त्या सगळ्या मैदानाला पाठ होती! मला विचाराल तर माझे पैसे तिथेच वसूल झाले, बँड अजून स्टेजवर यायचाच होता.

मग अंधार, १९४० मधलं चर्चिलचं भाषण, पडद्यावर लढाऊ विमानं आणि धाडकन पहिलं गाणं. ब्रूस तेव्हा ४९ वर्षांचा, आणि हा माणूस स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतोय, उड्या मारतोय, 'स्क्रीम फॉर मी मुंबई' म्हणतोय आणि सूर हलत नाहीये. हाच माणूस त्या दौऱ्याचं विमान पण चालवत होता हे तुम्हाला माहीतच असेल, बोइंग ७५७, एड फोर्स वन नावाचं, बँड, क्रू आणि सगळं सामान एकाच विमानात. जगभरातला तो दौरा सुरूच आपल्या मुंबईतून झाला, इथून ते थेट ऑस्ट्रेलियाला गेले. आपल्या शोपासून सुरुवात, याचा मला आजही अभिमान वाटतो.

मी घुसत घुसत पार पुढच्या बॅरिकेडपर्यंत गेलो होतो. कॅमेरा नेहमी गाणाऱ्यावर असतो हो, पण मैदानात कुणाकडे बघायचं ते आपण ठरवतो. मी कितीतरी वेळ स्टीव्ह हॅरिसकडेच बघत होतो. १९७५ ला ज्याने हा बँड काढला तो हा माणूस, एक पाय मॉनिटरवर, बेस गिटार बंदुकीसारखी लोकांवर रोखलेली, तिच्यावर त्याच्या आवडत्या वेस्ट हॅम फुटबॉल क्लबचं चिन्ह, आणि समोर माइक नसतानासुद्धा गाण्याचा शब्द न् शब्द ओठांनी म्हणतोय. त्यातली बरीच गाणी त्यानेच लिहिलेली. पन्नाशी ओलांडलेला माणूस, स्वतःचीच गाणी, हजारो वेळा वाजवलेली, आणि तो ती आपल्याइतक्याच जोरात म्हणतोय. हे कुठल्या व्हिडिओत मला नीट दिसलं नव्हतं.

१९८४ च्या पॉवरस्लेव्ह अल्बममधलं ते १३ मिनिटांच्या वरचं गाणं आठवा, कोलरिजच्या १७९८ मधल्या खलाशाच्या कवितेवरचं. मधे सगळं थांबतं, नुसता बेस आणि जहाजाच्या लाकडाचा करकर आवाज. खरं सांगा, घरी ऐकताना हा भाग किती वेळा पुढे ढकललाय? मैदानात ढकलायची सोयच नाही. स्टेजवर धूर, मंद निळा उजेड आणि एवढा मोठा जमाव श्वास रोखून थांबलेला, मागून कुठून तरी एका पोराची शिट्टी आली तर चारजणांनी त्याला गप्प केलं. मग ब्रूसची ती लांबच लांब किंकाळी आणि सगळी वाद्यं एकदम परत. त्या क्षणी ते गाणं एवढं लांब का आहे ते कळलं, त्या आधी इतकी वर्षं ऐकून कळलं नव्हतं.

आणि 'फिअर ऑफ द डार्क'. त्यात गिटारची जी धून आहे तिला शब्दच नाहीत, पण लोक ती गातात, गिटारच्या वरताण गातात. गणपतीत आरती जशी कुणी न शिकवता सगळ्यांना येते तसंच आहे ते, लहानपणापासून कानावर पडलेलं आपोआप तोंडातून येतं. मी पण गायलो, घसा बसेपर्यंत. माझं एकट्याचं म्हणून इतकी वर्षं सांभाळलेलं गाणं तिथे सगळ्यांचं झालं, आणि मला आतून मोकळं मोकळं वाटलं. तिथे काय असतं म्हणून विचारलंत ना, ते हे. टीव्हीवर बँड दिसतो, पण आपल्यासारखे बाकीचे भेटत नाहीत.

आता तुमचं. मेडन आपल्याकडे २००७ ला बंगळूर, २००८ ला मुंबई, २००९ ला परत बंगळूर असे लागोपाठ आले आणि मग मोठा खंड पडला. हॅरिसचा जन्म १९५६ चा, ब्रूसचा १९५८ चा. ड्रमर निको मॅकब्रेनने डिसेंबर २०२४ मध्ये, ७२ व्या वर्षी, दौरे थांबवले, त्याच्या जागी आता सायमन डॉसन वाजवतो. बँडला ५० वर्षं झाली म्हणून २०२५ च्या मे महिन्यात त्यांनी जुन्या गाण्यांचा दौरा काढला. म्हणजे वाट बघत बसण्यासारखी परिस्थिती नाही, जमतंय तर जाच. दोन गोष्टी सांगतो. फेस्टिव्हलचं तिकीट काढू नका, बँडचा स्वतःचा शो बघा, फेस्टिव्हलला बऱ्याचदा गाणी कमी होतात आणि स्टेजचं सगळं सामानही आणत नाहीत. आणि युरोपात जाणार असाल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका, आणि शोच्या आधी मधे एक दिवस मोकळा ठेवा, विमान उशिरा पोचलं म्हणून शो हुकणं यासारखं दुःख नाही.

वहिनींनाही न्या. त्यांना गाणी आवडतील की नाही सांगता येत नाही, पण तुम्ही घरी हेडफोन लावून कशात हरवता ते त्यांना एकदा मोठ्याने बघू दे.

प्रश्न : मी कॉलेज रोडला राहते, सेकंड इयरला आहे. एका बँडची पाच-सहा गाणीच येतात मला, ती पण रील्समुळे. ग्रुपमधले म्हणतात तू खरी फॅन नाहीस, उगाच तिकीट अडवू नको. आणि आधी सेटलिस्ट, म्हणजे शोमध्ये कुठली गाणी होणार त्याची यादी, बघून जावं का?

उत्तर : अगं जा बिनधास्त. प्रत्येकाचं कुठलं तरी पहिलं गाणं असतंच, कुणाला कॅसेटवर मिळालं, कुणाला एमटीव्हीवर, तुला रीलवर मिळालं, बस. खऱ्या फॅनचं सर्टिफिकेट कुणी वाटत नाही आणि वाटायचा अधिकारही कुणाला नाही.

फक्त एक कर. त्या पाच-सहा गाण्यांचे अख्खे अल्बम ऐक, क्रमाने, न थांबवता, निदान आठवडाभर. रीलमध्ये गाण्याचे तीस सेकंद असतात, मैदानात पूर्ण गाणं येतं आणि त्याच्या आधीचं नि नंतरचंही येतं, ते ओळखीचं असेल तर मजा कितीतरी पटीने वाढते. सेटलिस्ट मी स्वतः बघत नाही. पहिल्या दोन सुरांत गाणं ओळखू येणं आणि अंगावर काटा येणं हे मला हवं असतं, ते आधीच माहीत करून घेतलं की जातं. पण तुला कमी गाणी येतात म्हणून तू बघ, तयारीला उपयोग होईल.

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे, आम्ही इंदिरानगरला असतो. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या तिकिटांसाठी ती दुपारी १२ वाजल्यापासून फोन घेऊन बसली होती, रांगेत लाखांतला नंबर आला, तिकीट काही मिळालं नाही, दोन दिवस जेवली नाही नीट. आता पुढचा कुठलाही मोठा शो आला की मैत्रिणींबरोबर मुंबईला जाणार म्हणते. पाठवावं का? सुरक्षित असतं का? मी बरोबर गेले तर तिला आवडणार नाही.

उत्तर : ताई, तिच्यासारखे त्या दिवशी लाखो होते, २२ सप्टेंबर २०२४ ला. तिकिटं २,५०० रुपयांपासून ३५,००० पर्यंत होती आणि बघता बघता संपली, मग तिसरा शो वाढवला तरी पुरला नाही. तिला सांगा यात तिचं काही कमी पडलं नाही.

मी १८ जानेवारी २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होतो म्हणून डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. माझ्या पुढच्या रांगेत आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या बसल्या होत्या. आत जाताना प्रत्येकाला मनगटात घालायला दिव्याचा पट्टा देतात, गाण्याप्रमाणे सगळ्यांचे पट्टे एकदम रंग बदलतात, 'यलो' सुरू झालं आणि अख्खं स्टेडियम पिवळं झालं तेव्हा त्या आजी स्वतःच्या मनगटाकडेच बघत बसल्या होत्या, नात त्यांना स्टेजकडे बघा म्हणत होती आणि त्या म्हणाल्या, "थांब गं, हा माझा पण लागलाय." पुढे एका गाण्यात कोल्डप्लेचा गायक क्रिस मार्टिन मधेच गाणं थांबवतो आणि सांगतो, आता सगळ्यांनी फोन खिशात ठेवा, एवढं एक गाणं फोनशिवाय ऐकू. हे तो त्या दौऱ्यात सगळीकडे करायचा, तरी आपल्या लोकांनी फोन ठेवले याचं मला फार बरं वाटलं. तो फरक लगेच जाणवला, मधले सगळे उजळलेले चौकोन गेले आणि माणसांचे चेहरे दिसायला लागले.

तर वातावरणाची भीती बाळगू नका. काळजी करायची ती गर्दीत शिरण्या-निघण्याची आणि परतीची. बसायच्या जागेचं तिकीट काढा, उभं राहायचं नको, निदान पहिल्या वेळी तरी. स्टँडिंगला पुढची जागा मिळवायची तर दुपारपासून उन्हात उभं राहावं लागतं, पाणी प्यायला किंवा बाथरूमला गेलं की जागा गेली, आणि उंची कमी असेल तर रात्रभर समोरच्याची पाठच बघायची. शोच्या वेळी नेटवर्क जवळपास बंदच पडतं त्यामुळे चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत जायच्या आधीच ठरवायचं, गेटचा नंबर कागदावर लिहून प्रत्येकीच्या खिशात. पॉवर बँक बऱ्याच ठिकाणी आत सोडत नाहीत म्हणून फोन पूर्ण चार्ज करून न्यायचा. वयाची अट तिकिटाच्या पानावर असते, १८ च्या आतल्यांसाठी बऱ्याचदा वेगळे नियम असतात, ते बुकिंगच्या आधी वाचा.

नेरूळला जायला आपल्याला सोपं आहे, नाशिकरोडहून ठाण्याला उतरायचं आणि तिथून ट्रान्स हार्बरची नेरूळ गाडी. महालक्ष्मी रेसकोर्सला शो असेल तर दादरला उतरून वेस्टर्नने महालक्ष्मी, मार्च २०२५ मध्ये ग्रीन डे आणि मे मध्ये गन्स एन रोझेस तिथेच झाले. परतीला मात्र पंचवटी एक्सप्रेसचा उपयोग नाही, ती संध्याकाळीच सुटते. मैदानातले शो रात्री १० च्या आसपास संपतात, कारण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, सरकारने वर्षातल्या ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट दिली तरच. त्यात बाहेर पडायलाच तास-दीड तास जातो. आता समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून थेट भिवंडीजवळ आमण्यापर्यंत झाल्यामुळे गाडीने कसारा घाटाचा ताप वाचतो, तरी दिवसभर उभं राहून दमलेल्या माणसाने मध्यरात्री गाडी चालवत नाशिक गाठू नये असं माझं ठाम मत आहे. ठाण्या-डोंबिवलीत नाशिककरांचं कुणी ना कुणी असतंच, मावशी, आत्या, कुणीतरी. तिथे मुक्काम करायचा आणि सकाळी निघायचं.

आणि तुम्ही बरोबर जायचं की नाही ते सांगतो. तुम्हीही जा, पण तिकीट वेगळ्या ब्लॉकमध्ये काढा. तिला मैत्रिणींबरोबर नाचू दे, तुम्ही तुमच्या जागेवर बघा, शो संपल्यावर ठरलेल्या गेटवर भेटा. दोघींनाही मोकळं वाटेल आणि घरी येताना दोघींकडेही सांगायला असेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, पंचवटीत राहतो. आयुष्यभर शास्त्रीय संगीत ऐकलं. नातू रॉक ऐकतो, चार हजार रुपयांचं तिकीट काढून चार तास उभा राहून आला आणि भारावून गेलाय. मला तो नुसता गोंगाट वाटतो. त्याला दुखवायचं नाही, पण त्यात संगीत नेमकं कुठे आहे हे कुणीतरी समजावून सांगावं.

उत्तर : सर, तुम्ही नातवाला दुखवायचं नाही म्हणता यातच अर्धं काम झालं. तुमच्या पंचवटीतलीच गोष्ट काढतो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या शेवटच्या काळात नाशिकला रामनाम आधार आश्रम काढला हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. संस्थानिकांच्या दिवाणखान्यातलं गाणं बाहेर काढून तिकीट लावून चारचौघांसमोर आणायची वाट ज्यांनी घातली त्यांत त्यांचं नाव मोठं आहे. ज्याला गाणं आवडतं त्याने स्वतःच्या पैशाने तिकीट काढावं आणि कुणाच्याही शेजारी बसून ऐकावं, ही गोष्ट तेव्हा नवीन होती. तुमचा नातू चार हजार देऊन उभा राहिला तो त्याच वाटेवर, असं मला मनापासून वाटतं.

गोंगाटाचं म्हणाल तर तो घासल्यासारखा गिटारचा आवाज मुद्दाम काढलेला असतो. अँप्लिफायरला झेपेल त्याच्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की आवाज फाटतो, त्यात मूळ सुराबरोबर वरचे बरेच स्वर मिसळतात आणि सूर लांबतो, चांगला वाजवणारा त्या फाटलेल्या आवाजातूनही मींड घेतो, तार ओढून. तुमच्या कानाला ती मींड पटकन सापडेल. नातवाला म्हणा, तुझ्या बँडचं एक संथ गाणं लाव, आवाज कमी ठेव आणि नुसतं गिटार कुठे आहे ते मला दाखव. एक गाणं बास. मग तुम्ही त्याला भीमसेनजींचं काहीतरी लावा, आवाज मोठा करून.

प्रश्न : नाशिकरोडवरून लिहितोय. एका शोला स्पीकरच्या अगदी समोर उभा होतो, दुसऱ्या दिवशीपर्यंत कानात शिट्टी वाजत होती. मित्र म्हणतात भारी शोची निशाणी आहे. पुढच्या महिन्यात परत जायचंय.

उत्तर : मित्रांचं ऐकू नकोस भावा, ही निशाणी कान दुखावल्याची आहे. साधा हिशोब ठेव, ८५ डेसिबलला ८ तास चालतात, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, आणि मोठ्या शोला आवाज त्याच्या आसपास सहज जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली ती याचसाठी. आतल्या कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, कुठल्याही औषधाने नाही. क्रिस मार्टिनला स्वतःला टिनिटस आहे, कानात कायमची शिट्टी, आणि तो स्टेजवर कानाला संरक्षण लावूनच गातो.

मेडिकलमध्ये फोमचे प्लग अगदी स्वस्तात मिळतात. ते चुरगळून बारीक करायचे, कान वरच्या बाजूला ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे, नुसते बाहेर अडकवले तर काही उपयोग नाही. गाणं थोडं मंद होतं हे खरं. संगीतवाल्यांचे वेगळे प्लग येतात ऑनलाइन, त्यात आवाज कमी होतो पण सूर दबत नाहीत, नेहमी जाणार असशील तर तेच घे. स्पीकरच्या समोर उभं राहू नकोस, साउंड मिक्स करणाऱ्याचं टेबल असतं त्याच्या आसपास थांब, तो माणूस स्वतःला जे ऐकू येतं तेच बरोबर करत असतो म्हणून तिथेच आवाज सगळ्यात चांगला मिळतो. मधे एखाद्या गाण्याला बाहेर जाऊन कानांना विश्रांती दे. आणि शिट्टी अजूनही येत असेल किंवा एका कानाने कमी ऐकू येत असेल तर पुढच्या महिन्याची वाट न बघता याच आठवड्यात कान-नाक-घसावाल्या डॉक्टरकडे जा, तिकीट काढलेलं असलं तरी आधी तिकडे.